अंगणांतील झाड : थंड मुलुखाचा एक धडा

बर्फाळ मुलुखांतील झाडांशीं आपणांस काय कर्तव्य, अशी शंका आमच्या शेतकरी बंधूंस येणें साहजिक आहे. परंतु आमचे चिरंजीव अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत राहतात. त्यांच्या अंगणांतील मोठा ॲश वृक्ष वाळला. त्याच्या जागीं काय लावावें, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. उभा जन्म पीकपाहणीचे कागद लिहिण्यांत गेल्यामुळें आम्हीं प्रश्नाचा छडा लावण्याचें ठरविलें.

प्रथम ॲश कां मेला तें पाहूं. तेथील शहरांत पूर्वीं रस्तोरस्तीं एल्म वृक्ष होते. ते बुरशीच्या रोगानें गेले. त्यांच्या जागीं लोकांनीं ॲश लावला. तोहि तेथलाच व काटक. परंतु आशियांतून आलेला पाचूच्या रंगाचा एक भुंगेरा २००२ सालीं मिशिगनमध्यें आढळला व २००९ सालीं मिनेसोटांत पोहोंचला. त्याच्या अळ्या सालीखालीं पोखरतात व झाडाचा अन्नरस तुटतो. एकाच जातीची रांग, म्हणून रांगच्या रांग गेली.

त्या राज्यांत टॉवर गांवीं २ फेब्रुवारी १९९६ रोजीं पारा शून्याखालीं ५१ अंशांवर उतरला होता. म्हणून तेथल्याच मातींतील तीन झाडें आम्हीं विचारांत घेतलीं.

पहिलें पेपर बर्च, आपल्या भूर्जाच्या कुळांतील. पांढरी साल मन मोहिते. परंतु मुळें उथळ, जमीन थंड व ओलसर हवी. तापत्या अंगणांत तें अशक्त होतें व खोडास अळी लागते. दुसरें पांढरा स्प्रूस. सदाहरित असल्यामुळें उत्तर व पश्चिम वाऱ्यास उत्तम आडोसा; पण दक्षिणेस लावल्यास हिवाळ्यांतील मोलाचें ऊन अडवितो. तिसरें बर ओक. वाढ सावकाश, परंतु साल जाड व सोटमूळ खोल. थंडी आणि अवर्षण दोन्ही सोसून दोनशें वर्षेंहि जगतो. उन्हाळ्यांत सावली देतो, हिवाळ्यांत पानें झडून ऊन आंत येऊं देतो. पथ्य एकच : एप्रिल ते जुलै छाटणी करूं नये, ताज्या जखमेवर किडे रोगाची बुरशी आणतात.

आम्हीं ओक लावण्यास कळविलें. "त्याची सावली मला कधीं मिळणार?" असें उत्तर आलें. आम्हीं लिहिलें, बांधावरील चिंच लावणाऱ्यानें हाच हिशेब केला असता तर तूं कोणाच्या सावलींत खेळला असतास? पत्र टाकल्यावर ध्यानांत आलें कीं, ओक लाव म्हणणें म्हणजे तेथेंच रहा म्हणणें होय. तरीहि सल्ला मागें घेतला नाहीं.

आतां आपलें पाहूं. सुबाभळीचा बोलबाला झाला, आणि १९८८ सालीं सायलिड नांवाची कीड हिंदुस्थानांत येऊन तिचे कोंवळे शेंडे खाऊं लागली. म्हणून बांधावर लिंब, करंज, चिंच व बाभूळ अशीं मिश्र झाडें लावावींत. एक गेलें तरी तीन उभीं राहतील.