पाणी मुरते कुठे?

कोकणातल्या माणसाला पावसाचे कौतुक कुणी सांगू नये. आमच्या खेडला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी ओतले जाते! आमच्या पूर्वजांनी उतरती कौलारू छपरे बांधली ती उगीच नव्हे. पाण्याला वर थांबूच द्यायचे नाही, हा त्यांचा साधा कायदा. सपाट धाब्याची घरे शोभतात ती मराठवाड्यात, जिथे पाऊसच बेताचा. पुढे सिमेंट आले, दरवर्षीची शाकारणी नकोशी झाली आणि जगबुडीच्या काठीही सपाट स्लॅब उभे राहिले. आमचे घर त्यांतलेच.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आईच्या खोलीतला पंखा ठिबकू लागला. पंख्याच्या हुकातून पाणी! प्रथम त्या खोलीची वीज बंद केली. वाचकहो, हे मात्र विसरू नका. कारण स्लॅबमधल्या विजेच्या नळ्या म्हणजे पाण्याला आयतीच पायवाट, आणि त्या वाटेवर तारा असतात. चारच दिवसांनी गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा आईच्या खाटेशेजारी पडला. मुंबईच्या भावाने फोनवर निकाल देऊन टाकला, "आईला इकडे पाठव आणि घराला कुलूप लाव." आई म्हणाली, "घर गळतंय, मी नाही." प्रश्न आता केवळ गळतीचा राहिला नव्हता.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणाले, वर आणखी एक कोबा टाका. पण दहा सेंटिमीटर जाडीचा विटांचा कोबा चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वजन लादतो. गळू नये म्हणून मातीवर माती चढवत गेलेल्या जड धाब्यांनी ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात केवढा घात केला, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. कुणी पत्र्याची शेड सुचवली. ती उपयोगी खरीच, पण ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे पत्रे पाचोळ्यासारखे उडालेले आम्ही ऐकून होतो. शिवाय औषध ठरवण्याआधी रोग कळायला हवा होता.

तो कळायला मदत झाली आईच्या कॅलेंडरची. दुधाच्या हिशेबाशेजारी ती रोज लिहीत होती: "गळले", "थांबले", "रात्री गळले". मी त्या नोंदी पावसाशी ताडून पाहिल्या. कोरड्या आठवड्यात गळती बंद. म्हणजे नळाचा किंवा टाकीचा दोष नाही. नैर्ऋत्येकडून झड आली म्हणून गळती वाढत नव्हती. म्हणजे भिंतीही सुटल्या. पाऊस सुरू झाल्यावर चार-पाच तासांनी ठिबक सुरू होई आणि उघडीप पडल्यावरही दिवसभर चाले. पाणी कुठेतरी आधी साठत होते, मग मुरत होते.

दसऱ्यानंतर पाऊस सरला. एका म्हाताऱ्या गवंडीकाकांना बोलावले. त्यांनी पंख्याच्या वरच्या जागेकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"भाऊ, पाणी दिसतं तिथं ते शिरलेलं नसतं," ते म्हणाले. "कोब्याला उतार बाहेरच्या बाजूला, पण खालचा स्लॅब सपाट, मधे थोडा झोळसुद्धा. एकदा कोब्याखाली शिरलं, की ते फिरतंय आपल्या मर्जीनं."

मग आम्ही गच्चीवर चक्क भाताची खाचरे केली. चिकणमातीचे बांध घालून चार चौक पाडले. सखल बाजूपासून सुरुवात करून एका वेळी एकच चौक भरायचा आणि एक दिवस, एक रात्र वाट पाहायची. पाणी दोन इंचच ठेवले. चार इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला शंभर किलो भार. आई खाली खुर्ची टाकून छताकडे डोळे लावून बसे. पहिले दोन चौक कोरडे गेले. तिसऱ्याच्या वेळी पहाटे तिची हाक आली, "आलं रे, आलं!" गळती लागली म्हणून घरात आनंद झाल्याचा तो पहिलाच प्रसंग असेल.

तिसऱ्या चौकात होते पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपाचे तोंड, पंख्यापासून चांगले पंधरा फूट दूर. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पाइपाला सिमेंट धरत नाही. भोवती नखभर फट पडली होती. त्यात ज्या ठेकेदाराने ते बसवले, त्याने तोंड कोब्यापेक्षा अर्धा इंच उंच ठेवलेले. साऱ्या गच्चीचे पाणी तिथे येऊन अडत होते आणि फटीतून आत जात होते.

उपाय मोठा नव्हता. पाइपाभोवतीचा दीड फूट कोबा फोडला, जागा वाळू दिली. नवा पाइप बाहेरून खरवडून, खाली उतरवून बसवला आणि भोवती न आकसणारे ग्राउट भरले. कठडा आणि गच्ची यांच्या कोपऱ्यात गोलसर वाटा काढला. त्यावर सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, एक उभा नि एक आडवा, मधे तंतूंची जाळी. सुकल्यावर पुन्हा पाणी कोंडले, या खेपेस दोन दिवस. खाली थेंब नाही. मगच छताकडे वळलो: सैल गिलावा पाडला, गंजलेल्या सळ्या तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक लावले, नवा गिलावा केला. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीट फोडते. ते तसेच ठेवून वर रंग देणे म्हणजे जखमेवर पावडर लावणे. रंग तर आम्ही स्लॅब पुरता वाळल्यावर, होळीनंतर दिला.

दिवाळीचा फराळ झाला, की आपणही एकदा गच्चीवर जाऊन या. पाइपांची तोंडे, कठड्यांचे कोपरे, टाकीखालची जागा, कुठे उगवलेले पिंपळाचे रोप हे सारे पाहा. दिवाळी ते होळी हेच दुरुस्तीचे दिवस. मृगाच्या तोंडावर गवंडीही मिळत नाही आणि स्लॅबही वाळत नाही. गेला पावसाळा आईने त्याच खोलीत काढला. कॅलेंडरावर आता फक्त दुधाचा हिशेब आहे.