आभा काढले, आता आपली नोंद वाचा

देवगाव रंगारीहून रुग्ण घाटीत पोहोचतो तेव्हा त्याच्यासोबत काय असते? बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेल्या चिठ्ठ्या, एखादा एक्स-रे आणि "ती पांढरी गोळी चालू आहे" एवढी माहिती. गावातला दवाखाना, मग कन्नड, मग छत्रपती संभाजीनगर. ठिकाण बदलले की केसपेपर नवा. चिठ्ठी पावसात भिजली तर रक्ताच्या त्याच तपासण्या पुन्हा, आणि रोज बुडतो तो वेगळाच.

हे थांबावे म्हणून केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यातला १४ अंकी क्रमांक म्हणजे आभा. वस्तीत अनेकजण आभा आणि पाच लाखांचे आयुष्मान कार्ड एकच समजतात. तसे नाही. आयुष्मान कार्ड खर्चासाठी, आभा नोंदींसाठी. आभा आधारवरून मोफत निघते आणि ते काढण्याची सक्ती नाही.

या क्रमांकात आजार साठवलेला नसतो. नोंद ज्या दवाखान्याने केली त्याच्याच संगणकात राहते. रुग्णाने मोबाईलवरून संमती दिली तरच ती दुसऱ्या डॉक्टरला दिसते. कोणती नोंद दाखवायची, किती दिवस, हे रुग्णाने ठरवायचे. दिलेली संमती परतही घेता येते. म्हणून आभा कुणाच्या नंबरला जोडायचे हे घरात आधी ठरवा. आईचे आभा पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या नंबरवर असेल, तर ओटीपी त्याच्याकडे जाईल आणि आई खिडकीपाशी ताटकळेल. कोण विचारतो, कशासाठी विचारतो, हे कळल्याशिवाय ओटीपी सांगू नका. क्षयरोग किंवा एचआयव्हीची नोंद कुणी पाहावी, हे शेजाऱ्याने ठरवायचे नाही.

सगळे दवाखाने अजून या व्यवस्थेत आलेले नाहीत. पण नोंद मागण्याचा हक्क त्याआधीचा आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागणी केल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत कागदपत्रे द्यायची असतात. भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात. तोंडी मागू नका. अर्ज द्या, पोच घ्या.

नोंद हातात आली की घरातल्या शिकलेल्या मुलीने ती रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवावी. नाव, वय, चालू गोळ्या, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ येते, हे सगळे बरोबर आहे का? चूक दिसली तर लगेच डॉक्टरांना सांगा. संगणकात एकदा चुकीचे गेले की ते पुढच्या दवाखान्यातही तसेच जाते.

महावग्गात तथागतांनी आनंदासह अतिसाराने पडलेल्या भिक्खूला स्वतः धुतल्याची कथा आपण ऐकतो. तिथेच पुढे चांगल्या रुग्णाचे लक्षणही सांगितले आहे: दुखणे वाढले तर वाढले, कमी झाले तर कमी झाले, असे तो शुश्रूषा करणाऱ्याला खरे सांगतो. दारू, तंबाखू, मधेच सोडलेली गोळी, कुणा बाबाचे औषध, हे आपण डॉक्टरांपासून लपवतो. मग ते नोंदीत येणार कसे?

साधा मोबाईल असणाऱ्यांनी वही करावी. पहिल्या पानावर रक्तगट, जुने आजार आणि गोळ्यांची नावे पाकिटावरून जशीच्या तशी उतरवून. घाटीला जाताना ती पिशवीत सगळ्यात वर ठेवावी.