कॅमेरा जोडताच कोणता प्रोग्रॅम उघडायचा?

सहलीहून परतल्यावर तुम्ही कॅमेरा तारेने संगणकाला जोडता आणि छायाचित्रे उतरवून घेणारा प्रोग्रॅम आपोआप उघडतो. संगणकाला तर डोळे नाहीत. तारेच्या दुसऱ्या टोकाला छपाईयंत्र नसून कॅमेरा आहे, हे त्याला कसे कळते?

१९९६ साली आलेल्या यूएसबी पद्धतीच्या मूळ तारेत चार वाहक असतात. दोन ५ व्होल्ट वीजपुरवठ्याचे, दोन माहितीचे. संगणकात जाणारे चपटे टोक न्याहाळा. कडेच्या दोन धातुपट्ट्या आतल्या पट्ट्यांहून किंचित पुढे आलेल्या दिसतील, म्हणून वीज आधी पोहोचते. मग कॅमेरा माहितीची एक तार १.५ किलोओहमच्या रोधातून ३.३ व्होल्टला जोडतो. संगणकाच्या बाजूला तीच तार १५ किलोओहमच्या रोधातून भूमीला जोडलेली असते. ओहमचा नियम लावून त्या तारेवरचा विद्युतदाब काढून पाहा. उत्तर ३ व्होल्ट यायला हवे. शून्यावरून ३ व्होल्टवर गेलेला हा दाब म्हणजेच पाहुणा आल्याची वर्दी!

आता संगणक विचारतो, "आपण कोण?" कॅमेरा १८ बाइटांचे ओळखपत्र पाठवतो. त्यात निर्मात्याचा व मॉडेलचा क्रमांक असतो. पाठोपाठ उपकरणाचा प्रकार कळतो: छायाचित्रण ६, छपाई ७, साठवण ८. (काही कॅमेरे स्वतःला ६ ऐवजी ८ म्हणवतात, संगणक मग त्यांना निव्वळ साठवणीची पेटी समजतो.) कोणी आले की काय उघडायचे, याची नोंद संगणकात असते आणि ती तुम्हाला बदलता येते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील 'ऑटोप्ले' पाहा, मॅकवर 'इमेज कॅप्चर'.

पूर्वी पाहुणाही या निवडीत ढवळाढवळ करी. साठवणीच्या साधनातील 'ऑटोरन' फाइल पडद्यावरच्या पर्यायांत स्वतःचा एक पर्याय घुसवू शके. २००८ साली उघडकीस आलेल्या 'कॉनफिकर' या उपद्रवी प्रोग्रॅमने आपल्या पर्यायाला फोल्डरचे चित्र चिकटवले. लोक फोल्डर उघडायला जात आणि चालू होई कॉनफिकर! २००९ च्या विंडोज ७ मध्ये यूएसबी साठवणीसाठी ही सोय बंद झाली.

स्वतःच्या कॅमेऱ्यासाठी आवडीचा प्रोग्रॅम खुशाल नेमून ठेवा. शाळेच्या संगणकावर मात्र दहा जणांची उपकरणे येतात; तिथे 'दर वेळी विचारा' हाच पर्याय ठेवावा.