दृष्टिपटलातल्या पेशी आणि त्यांची रसायने

पवईच्या आयआयटी परिसरात शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातून अधूनमधून बिबट्या येतो. टॉर्चच्या झोतात त्याचे डोळे चमकतात, ते दृष्टिपटलामागच्या परावर्तक थरामुळे. माणसात हा थर नाही. चेतापेशींचे मुख्य प्रकार मात्र दोघांत सारखेच.

• प्रकाशग्राही: दंडपेशी मंद उजेडासाठी, माणसात सुमारे १२ कोटी. शंकूपेशी रंग व बारकाव्यांसाठी. सुमारे ६० लाख.

• द्विध्रुवी: संदेश आतल्या थराकडे नेतात.

• क्षैतिज व अमॅक्राइन: आडवे जोडकाम. बहुतेक अमॅक्राइन पेशींना अक्षतंतू नसतो.

• गुच्छिका: यांच्या सुमारे १० लाख तंतूंची दृष्टिचेता बनते. मोजक्या गुच्छिका पेशींत मेलॅनॉप्सिन असते. त्या स्वतःच प्रकाश टिपतात आणि शरीराचे दिवसरात्रीचे घड्याळ लावतात.

• ग्लुटामेट: मुख्य संदेशवाहक. इथे गणित उलटे आहे: प्रकाशग्राही ते अंधारात जास्त सोडतात, उजेडात कमी. ते घटले की ‘ऑन’ द्विध्रुवी पेशी उत्तेजित होतात, वाढले की ‘ऑफ’.

• गाबा, ग्लायसिन: संदेश दाबतात.

• डोपामिन: काही अमॅक्राइन पेशींतून, उजेडाशी जुळवून घेण्यासाठी.

• १९६७: दृष्टीच्या मूलभूत प्रक्रियांवरील शोधांसाठी ग्रानिट, हार्टलाइन आणि वॉल्ड यांना नोबेल.