रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद?

माझी थोरली बहीण दोन-तीन बदल्या होत होत चंदीगडला गेली आणि तिथलीच झाली. भाऊजी बँकेतून निवृत्त झाले, तरी परत यायचे नाव नाही. रुंद रस्ते, सेक्टरासेक्टरात बागा, फिरायला सुखना तलाव आणि थंडीत नाश्त्याला वर लोण्याचा गोळा ठेवलेला गरमागरम पराठा! "इथली थंडी पोह्यांनी भागत नाही," हे भाऊजींचे ठरलेले वाक्य.

दोन वर्षांपूर्वी सहज म्हणून केलेल्या तपासणीत त्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले. एकूण २६२. त्यात एलडीएल १६८, एचडीएल ३६ आणि ट्रायग्लिसराइड २९०. भाऊजींचे वडील चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. ताईच्या पोटात गोळाच आला. नेहमीच्या डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू केली, लोणी आणि गोड कमी करायला सांगितले आणि चालायला लावले. भाऊजी माणूस शिस्तीचा. थंडी असो की धुके, सुखनाच्या काठाने पाऊण तास चालणे सुरू झाले.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. एलडीएल ९८, ट्रायग्लिसराइड १८०! "अगं, हे बघ, एलडीएल एकदम झकास!" म्हणत त्यांनी रिपोर्ट ताईपुढे नाचवला आणि उरलेली गोळ्यांची पाकिटे खणात टाकली.

"अहो, पण डॉक्टरांना विचारलंत का?"

"नॉर्मल माणसानं औषध कशाला घ्यायचं?"

वाचकहो, हा संवाद आपल्यापैकी कितीतरी घरांत झाला असेल. ताप उतरला की औषध थांबवायचे, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पण कोलेस्टेरॉल म्हणजे ताप नव्हे. त्याने काही दुखत नाही, खुपत नाही. चंदीगडला पीजीआयसारखी १९६२ सालापासूनची नामांकित संस्था हाकेच्या अंतरावर असली, तरी काही होतच नसेल तर माणूस तिथे जाणार कशाला?

आकडे एक नव्हे, चार

कोलेस्टेरॉल हा शत्रू आहे, असे समजू नका. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणाला ते लागते, काही संप्रेरके त्यापासूनच बनतात. बरेचसे कोलेस्टेरॉल आपले शरीर स्वतःच तयार करते, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. म्हणून अगदी साधे जेवणाऱ्या, अंडेही न खाणाऱ्या आजींचे कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले तर आश्चर्य वाटायला नको.

रक्तातून हे कोलेस्टेरॉल निरनिराळ्या कणांवर बसून प्रवास करते. एलडीएलचे कण जास्त झाले की ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत रुतून बसतात आणि वर्षानुवर्षे तिथे थर वाढत जातो. एचडीएलचे कण जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात. ट्रायग्लिसराइड म्हणजे शिल्लक पडलेली चरबी. साखर, मैदा, दारू आणि बैठे काम यांनी ती झपाट्याने वाढते. म्हणून रिपोर्टमधला 'एकूण' आकडा बघून घाबरू नये किंवा निश्चिंतही होऊ नये. नेमका कोणता आकडा बिघडला आहे, ते विचारावे.

याबाबत चंदीगडची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीत तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड येथील लोकांचे रक्त तपासले गेले. मुंबईचे डॉ. शशांक जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चारही ठिकाणे मिळून एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक सुमारे १४ टक्के होते. पण एचडीएल कमी असलेले तब्बल ७२ टक्के! ट्रायग्लिसराइड वाढलेल्यांचे प्रमाण सर्वांत जास्त होते ते चंदीगडमध्ये, ३८.६ टक्के. म्हणजे केवळ 'कोलेस्टेरॉल किती?' एवढेच विचारणाऱ्याच्या नजरेतून निम्म्याहून अधिक बिघाड निसटला असता.

ताटात काय, पायांत काय

ट्रायग्लिसराइडवर घरचे उपाय चांगले चालतात. वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तर ते साधारण वीस टक्क्यांनी खाली येते. साखर, सरबते, बिस्किटे, मैद्याचे भटुरे आणि दारू यांना आवर घातला, रोज अर्धा-पाऊण तास दमदार चालले, की काही आठवड्यांत फरक दिसतो. भाऊजींना सर्वांत जड गेली ती लस्सी. लोणी त्यांनी सोडले, पण मलईदार गोड लस्सीचा उंच पेला सोडताना डोळ्यांत पाणी यायचे बाकी होते! ताईने त्यावर आपले जिरे घातलेले ताक काढले.

एलडीएलसाठी तूप, लोणी, साय, नारळ-खोबरे आणि चरबीचे मांस यांचे प्रमाण उतरवावे. तूप वाईट आहे असे मी म्हणत नाही. वरणभातावर एक छोटा चमचा आणि पराठ्यावरून ओघळणारे तूप यांत फरक आहे. डाळी, उसळी, ओट्स, पालेभाज्या, सालासकट फळे यांतील तंतूंमुळे एलडीएल थोडे उतरते. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स चरबीवर २०२२ सालापासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे, तरी एकाच कढईतले तेल पुन्हा पुन्हा तापवणाऱ्या दुकानातली भजी टाळलेलीच बरी. तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे ठळक छापलेले असते, त्याला मात्र भुलू नका. वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतेच. मग मुक्त कशापासून करणार?

पण हे सगळे मनापासून केले तरी आहाराने एलडीएल उतरते ते बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास. १६८ चे १५० होईल, १०० होणे कठीण. इथे गोळीचे काम सुरू होते.

बुरशीतून निघालेले औषध

जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून या जातीचे पहिले औषध शोधले. या औषधांना स्टॅटिन म्हणतात. ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही नावे आपल्या घरातल्या पाकिटावर सापडतील. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारे एक विकर ती रोखतात. घरचे उत्पादन घटले की यकृत रक्तातले एलडीएल ओढून घेऊ लागते. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्या गटात मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळले.

गोळी पोटात आहे तोवर हे विकर रोखलेले. गोळी थांबली की यकृत पुन्हा पूर्वीच्या जोमाने कामाला लागते. काही आठवड्यांतच आकडा मूळ जागी जातो.

त्रास कोणाला होत नाही असे नाही. काहींचे स्नायू दुखतात, क्वचित यकृताच्या तपासण्या बिघडतात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर थोडी वाढू शकते. अशा वेळी डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलतात. दुसऱ्या जातीची औषधेही आहेत. स्नायू फार दुखू लागले किंवा लघवी गडद रंगाची झाली तर मात्र लगेच दाखवावे. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना ही गोळी सहसा देत नाहीत, म्हणून दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच सांगावे. औषध सुरू करण्याआधी थायरॉइडही तपासून घेतलेले चांगले. ते मंदावले तरी एलडीएल वाढते, विशेषतः बायकांमध्ये हे राहून जाते.

किती खाली आणायचे, हे प्रत्येकाचे वेगळे. निरोगी माणसाला एलडीएल १०० च्या आत असले तर उत्तम. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान अशी जोड असेल तर त्याहून खाली. हृदयविकार होऊन गेलेल्यांसाठी तर भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली ५५ च्या आतली मर्यादा सांगितली आहे. तेव्हा शेजाऱ्याची गोळी बंद झाली म्हणून आपली बंद करू नये, आणि शेजाऱ्याला लागू पडली म्हणून मागून आणूही नये.

खणातल्या पाकिटांचे काय झाले?

आठ महिन्यांनी ताईने हट्टाने भाऊजींचे रक्त पुन्हा तपासायला लावले. रिपोर्ट मोठा बोलका होता. ट्रायग्लिसराइड १७०, म्हणजे अजून खालीच. पण एलडीएल पुन्हा १५८. भाऊजी चिडले, "एवढं चालतो, लस्सी सोडली, मग हे काय?"

डॉक्टरांनी तीनही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. चालण्याने आणि लस्सी सोडल्याने जे उतरायचे ते उतरले आहे आणि उतरलेलेच राहिले आहे. वर गेले आहे ते फक्त गोळीच्या वाट्याचे, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. गोळी पुन्हा सुरू झाली, चालणेही चालूच राहिले.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट विचारली, "मुलाचं रक्त कधी तपासलंय का?" वडिलांकडून आजोबा चोपन्नाव्या वर्षी गेलेले. काही घराण्यांत जन्मापासूनच एलडीएल फार वाढलेले असते, साधारण अडीचशेत एकाला. पापण्यांजवळ पिवळसर चट्टे, आकडा १९० च्या वर, घरात तरुणपणी हृदयविकार, असे काही दिसले तर मुलांच्याही तपासण्या कराव्या लागतात. भाऊजींचा आकडा तेवढा नव्हता, पण विचारणे बरोबरच होते.

पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने खूप टाळाटाळ केली. मागच्या महिन्यात एकदाचा रिपोर्टचा फोटो पाठवला. वय एकतीस, एलडीएल १५२. ताईने तो भाऊजींना दाखवला. ते काहीच बोलले नाहीत. जेवण झाल्यावर खणातून पाकीट काढून गोळी घेतली आणि पुण्याला फोन लावला.

"काय रे, सकाळी फिरायला जातोस की नाही?"