कारखान्याचं कुंपण आणि शेजाऱ्यांची वाट : भांडणाआधी हे तपासा

बेळगाव : उद्यमबाग, मच्छे अशा औद्योगिक भागांच्या आसपास घरं वाढत गेली, तसे कंपाउंडचे वादही वाढले. प्रकार बहुतेक ठिकाणी सारखाच. भंगार आणि माल चोरीला जातो म्हणून कारखानदार किंवा गोदामवाला काटेरी तारेची जाळी मारतो. शेजारचे म्हणतात, आमची जाण्यायेण्याची वाट बंद झाली. बाचाबाची होते, प्रकरण पोलीस ठाण्यात जातं आणि तिथं उत्तर मिळतं, 'हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा.'

कोर्टात जाण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते. ती जागा आपल्या मालकीची आहे असं म्हणायचंय, की जागा त्याची पण वाट आपल्या वहिवाटीची आहे असं म्हणायचंय? हे दोन वेगळे दावे आहेत, आणि त्यांचे पुरावेही वेगळे.

जागा कोणाची?

जाळी आपल्या हद्दीत आली असा संशय असेल तर आधी सरकारी मोजणी करून घ्यावी. कर्नाटकात हद्द कायम करण्याच्या या मोजणीला 'हद्दुबस्तु' म्हणतात. चंदगड किंवा कोल्हापूरकडे हेच काम भूमी अभिलेख कार्यालय करतं. खासगी माणसाकडून टेप लावून घेतलेल्या मापाला कोर्टात फारसं वजन नसतं. उतारा आणि नकाशा कन्नडमध्ये असेल तर तो नीट वाचून घेतल्याशिवाय कुठंही सही करू नये.

वाट सार्वजनिक रस्ता असेल तर प्रश्नच वेगळा. मंजूर लेआउटमध्ये तो रस्ता दाखवला असेल, तर किती वर्षं वापरला हे सिद्ध करायची गरज नाही. तक्रार महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे करायची.

जागा त्याची, वाट आपली

१८८२ च्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यात (कलम १५) २० वर्षांची अट आहे. वापर उघड, शांततेत, खंड न पडता आणि हक्क म्हणून झालेला असला पाहिजे. जागा सरकारी असेल तर मुदत ३० वर्षं. 'जा की, आमची काय हरकत नाही' असं मालकानं म्हटल्यावर झालेला वापर परवानगीचा ठरतो. तो ४० वर्षं चालला तरी हक्क होत नाही.

इथंच बरेच जण फसतात. वाट अडवल्याचं कळूनही वर्षभर गप्प बसलं, तर वापरात खंड पडला असं धरलं जाऊ शकतं. शिवाय २० वर्षांचा काळ दावा दाखल करण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो. म्हणून खांब रोवताना दिसले की लगेच लेखी हरकत द्यावी, तारखेसह फोटो ठेवावेत.

मूळ एकाच मालकाच्या जमिनीचे तुकडे पडून घराला दुसरी वाटच उरली नसेल, तर २० वर्षांची अट लागत नाही (कलम १३).

दावा चुकला तर

बच्छज नाहर विरुद्ध नीलिमा मंडल या खटल्यात जागेची मालकी सांगून दावा केला होता. उच्च न्यायालयानं वहिवाटीचा हक्क मान्य केला, पण तो मुद्दा दाव्यात नीट मांडलेलाच नव्हता, म्हणून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. वकिलाला दोन्ही बाजू पहिल्याच दिवशी सांगाव्यात, त्या याच कारणासाठी.

कारखानदारानं काय पाहावं

आपली जागा बंदिस्त करणं हा मालकाचा हक्क आहे, आणि चोरीची भीतीही खोटी नसते. पण हद्द मोजून घेण्याआधी काँक्रीट ओतलं, तर कोर्ट ते स्वखर्चानं काढायला लावू शकतं. तारेत लाईटचा करंट सोडणं तर भलतंच महागात पडतं. कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, याहून गंभीर कलमही लागू शकतं.

मधला मार्ग

जाळी राहू द्यायची, वाटेवर लहान गेट ठेवायचं, किल्ली दोघांकडे, रात्री बंद करण्याची वेळ ठरवायची. असा समझोता तोंडी ठेवू नये. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून तो लोकअदालतीत नोंदवता येतो, दावा दाखल होण्याआधीसुद्धा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच लागू होतो आणि त्यावर अपील नसतं. त्यामुळं गेटची रुंदी, जागा आणि वेळ त्यात स्पष्ट लिहून घ्यावी.