करपलेला रेझिस्टर

बोर्डावर पहिली नजर गेली ती करपलेल्या डागावर. बऱ्हाणपुरात राजघाटाकडे उतरताना लागणाऱ्या एका छोट्या दुकानात दुरुस्ती करणाऱ्या दादांनी 12 व्होल्टचा अडॅप्टर खोलला होता. तो बंद पडलेला नव्हता. गिऱ्हाइकाची तक्रार एवढीच, की काही न जोडताही गरम राहतो.

दादांनी आधी 100 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घेऊन तो लावला. बल्ब क्षणभर उजळून विझला, म्हणजे शॉर्ट नाही. थोड्या वेळाने प्लग काढला, मोठा कपॅसिटर रिकामा केला आणि डागावरच्या रेझिस्टरला हात लावायला सांगितलं. चांगलाच चटका बसला.

230 व्होल्ट एसी रेक्टिफाय झाला की सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतो. अडॅप्टर चालवणाऱ्या आयसीला जागं करायला त्यातूनच, 100 किलोओहमच्या या रेझिस्टरमधून, थोडा करंट घेतात. आयसी चालू झाला की ट्रान्सफॉर्मरचं एक वेगळं वाइंडिंग त्याला पोसतं. रेझिस्टरचं काम संपलं, तरी तो जवळजवळ 1 वॉट जाळत बसतो. वर्षभर प्लग लावून ठेवलात तर साधारण पावणेनऊ युनिट. नव्या आयसीत हे काम आतला स्विच करतो आणि सुरुवात झाली की स्वतःच बंद होतो.

दुसरी गळती स्विचिंगची. करंट चालू-बंद करणारा मॉस्फेट दर वेळी चालू होताना ड्रेनवर साठलेला चार्ज फुकट जातो. 100 पिकोफॅरड आणि 65 किलोहर्ट्झ धरले तर तिथेच वॉटचा तिसरा हिस्सा गेला. म्हणून लोड नसताना चांगला आयसी स्विचिंगचे चार ठोके देतो नि डुलकी काढतो. ठोक्यांचे हे झुबके कानाच्या पट्ट्यात आले, की ट्रान्सफॉर्मर रात्री चिरचिरतो. अशा वेळी ठोक्याचा करंट कमी ठेवावा लागतो, ट्रान्सफॉर्मर वार्निशमध्ये बुडवावा लागतो. माझ्या मते स्वस्त मालात काटकसर नेमकी इथेच होते.

दादांनी नव्या आयसीचा बोर्ड बसवला. त्यावरही इनपुटच्या एक्स कपॅसिटरला 1 मेगाओहमचा रेझिस्टर होताच, 0.05 वॉट खाणारा. युरोपात 49 वॉटपर्यंतच्या अडॅप्टरला रिकामा असताना 2020 पासून 0.1 वॉटचीच मुभा आहे, त्यातला निम्मा हिस्सा हा एकटा उचलतो. मी विचारलं, “मग हाही काढला तर?”

दादांनी प्लगच्या पिना माझ्यापुढे धरल्या. “आणि उपसताना इथे हात लागला, तर कपॅसिटरचा झटका कोण खाणार?”